चढावापुरती सोबत

चौऱ्याहत्तर साली पेट्रोल महागलं आणि त्याचा पहिला भडका उडाला तो गोळीबार चौकात, मनकर्णेच्या पोटात.

बुक केलेल्या स्कूटरचा नंबर लागायला कैक वर्षं गेली होती. लागला तेव्हा मनकर्णेनं गळ्यातली सोन्याची एकदाणी मोडून दिली. अट एकच, दर रविवारी मागं बसवून बर्डीच्या बाजारात न्यायचं. जेमतेम दोन-चार रविवार झाले आणि पेट्रोल भडकलं. नवरा धोंडबा मुळातच चिकट. त्यानं फर्मान काढलं, गाडी फक्त सदर भागातल्या ऑफिसात जायला. तीही एकट्यासाठी नाही. त्याच्या ऑफिसातली टायपिस्ट जयवंता मागच्याच गल्लीत राहायची. तिनं पेट्रोलचा अर्धा वाटा द्यायचा आणि मागं बसायचं.

"मले न्यायले पेट्रोल नाही, अन् तिले हाय?" मनकर्णेनं विचारलं.

"ती वाटा देते. तू देतं का?" धोंडबा म्हणाला. "समजून घे वं, हिशोबाची गोष्ट हाय."

एकदाणी गिळून बसलेला हा माणूस तिलाच वाटा विचारत होता! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रोज सकाळी सासऱ्याच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता ती खिडकीतून बघायची. जयवंता यायची, पदर खोचायची आणि मनकर्णेच्या सीटवर ऐटीत बसायची. वर हसून म्हणायची, "येतो वहिनी!" इकडे चरख्यावरचं सूत तटकन तुटायचं. बाई स्वभावानं वाईट नव्हती, हेच तर वाईट होतं. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. ब्रेक लागला की हिचा हात कुठं जात असेल, या विचारानं मनकर्णेला घास गोड लागेना.

शेवटी एकदा सूत आणायचं निमित्त करून ती आधीच घरातून निघाली आणि स्टेशनजवळच्या रेल्वेपुलाच्या पायथ्याशी, एका संत्रेवालीच्या आडोशाला उभी राहिली.

गाडी आली आणि चढ लागताच थांबली. जयवंता उतरली. धोंडबानं चक्क इंजिन बंद केलं! चढावावर गाडी पेट्रोल पिते म्हणून हा भला माणूस ती ढकलत पूल चढणार होता. मनकर्णेला हसू फुटलं. बस बाई, बस माझ्या सीटवर!

पण दोघं थोडं वर गेले आणि तिचं हसू विरलं. धोंडबा हँडल धरून ढकलत होता आणि जयवंता सीटला हात लावून अगदी त्याच्या बरोबरीनं चालत होती. तो मान वळवून वळवून तिच्याशी बोलत होता. ती काही बोलली की थांबून ऐकत होता.

लग्न झाल्यापासून धोंडबा मनकर्णेच्या पुढंच चालत आला होता. त्यांच्यात रीतच तशी, नवरा पुढं आणि बायको पिशवी घेऊन मागं. रस्त्यात तिनं त्याची फक्त पाठ बघितली होती. एवढं बोलतो हा? मग घरी का मुका असतो? ज्यापुढं सीटचा मत्सर काहीच नाही, असा मत्सर तिला आता झाला. सीट भांडून मागता आली असती. हे कसं मागायचं?

"काहून रडून राहिली वं बाई?" संत्रेवालीनं विचारलं.

"गाडीच्या धुरानं," मनकर्णा म्हणाली. इंजिन तर बंद होतं.

रविवारी धोंडबालाच काय दया आली कोण जाणे. "चाल, आज गाडीवर नेतो तुले बर्डीले," तो म्हणाला.

"गाडी राहू द्या. पेट्रोल काहून जाळता? पायीच जाऊ."

धोंडबा खूश झाला. बायको शेवटी शहाणी झाली म्हणायची! तो सवयीनं पुढं निघाला आणि ती मागं. तोच रेल्वेपूल आला. चढ सुरू झाला तिथं मनकर्णा उभी राहिली. तो बराच वर गेला, मग वळला.

"काहून थांबली वं?"

"चढ लागला. जयवंतासंगं जसे चढता, तसे चढा माह्यासंगं."

धोंडबाचा चेहरा पडला. तो खाली आला आणि तिच्या शेजारून चालू लागला. अर्धा पूल झाल्यावर तिनंच विचारलं,

"तिले काय सांगत जाता?"

"ऑफिसचं. तुले काय कळणार त्यातलं?"

"नको कळू दे. सांगा."

तो अडखळत सांगू लागला. ती ऐकत होती, मध्येच हसतही होती. एवढ्यात पूल संपला आणि उतार लागला. धोंडबाची पावलं आपोआप पुढं पडू लागली. मनकर्णेनं भर रस्त्यात त्याच्या सदऱ्याची बाही धरली, ती बर्डी येईपर्यंत सोडली नाही.