जलराणीच्या केबिनची जमीन

जगातल्या सगळ्या थोर लढायांचा निकाल शेवटी पाण्यावरच लागला, आणि ज्याचं जहाज तरलं त्याच्याच बाजूने इतिहास लिहिला गेला. चिचटोल्याची लढाई मात्र पाण्यापासून साठ पावलांवर, मोहाच्या झाडाखाली, चार जुन्या टायरांवर टेकवलेल्या होडीत झाली, आणि लढणारे दोघं साळा-जावई होते.

होडीचं नाव जलराणी. फायबरची, केबिनवाली. पर्यटक येणार म्हणून कुण्या खात्याने ती कुरखेड्याकडच्या, चिचटोल्याच्या तलावात सोडली होती. पर्यटक आले नाहीत, होडी राहिली. मासेमार सोसायटीने ती पदरात घेतली आणि वारलूच्या हाती चाक दिलं. एकोणीस वर्षं तो बाजारकरू, वऱ्हाडी, मोहाची पोती आणि बाळंतिणी या काठावरून त्या काठावर नेत होता. घरी बायको गुणाबाई त्याला बोलू देत नसे आणि सोसायटीत त्याला कुणी विचारत नसे. पण चाकामागे बसला की वारलू तहसीलदारालाही दरडावायचा, "खाली बसा." आणि तहसीलदार बसायचा.

यंदा चैत्रात एका वरातीत नवरदेवाची मावशी केबिनमध्ये उभी राहिली आणि मांडीपर्यंत जमिनीत गेली. चौघांनी ओढून पाय बाहेर काढला, तेव्हा कातडं पायमोज्यासारखं घोट्यावर गोळा झालं होतं. केबिनची जमीन आतून पार सडली होती.

ती जमीन नऊ वर्षांपूर्वी देवरावने टाकली होती. देवराव म्हणजे गुणाबाईचा मोठा भाऊ. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात फिटर म्हणून जन्म काढलेला, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू आपल्याला खोलता येते असा त्याचा समज होता.

"साळ्यानं कागदाचा प्लाय टाकला," वारलू सोसायटीत म्हणाला.

"माल एक नंबर होता," देवराव म्हणाला. "जवाईबापूच्या बुडाखाली काय टिकते?"

अध्यक्ष बायनाबाईने एकदा वल्ह्याने अस्वल पळवलं होतं. तिने दोघांकडे त्याच नजरेने पाहिलं. "दोघं मिळून जमीन खोला, नवी टाका. सडण्यात ज्याची चूक, त्यानं होडीत पाय ठेवाचा नाई. चाक दुसऱ्याले. चार वाजता मी पाहाले येईन."

सकाळी दोघं केबिनमध्ये शिरले. एकमेकांशी बोलायचं नाही, हे न बोलताच ठरलं. ग्राइंडर किंचाळला. देवरावने सब्बल घुसवून पहिला तुकडा उपटला, तसा कुजलेल्या लाकडाचा भपकारा आला. वारलू मनातून खूश झाला. सडका प्लाय, साळ्याचा प्लाय, चाक आपलं.

मग देवरावने त्या तुकड्याची मोडलेली कड पाहिली. वरून नुसता पायांचा मळ वाटत होता, पण सडक्या प्लायवर दोन बोटं जाड, हिरवट-काळा थर होता. पोळ्यांच्या चवडीसारखे त्याचे पदर सुटत होते.

बोलायचं नाही हे देवराव विसरला. "जवाईबापू, हे काय होय?"

"माती."

"माती काऊन हिरवी?" त्याने वास घेतला. "हे शेण होय. तुमी नऊ वर्षं होडी सारवून राह्यले?"

"दर शनिवारी," वारलू म्हणाला. जिथे लोक उठतात-बसतात ती जागा सारवायची असते, एवढं त्याला ठाऊक होतं. ती जागा तरंगते याने काही फरक पडत असेल, असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. "माणसं चपला काढून बसतेत. घर नाई होय का मंग थे?"

"घर! ओल्या शेणाखाली लाकूड सडन नाई तं काय पालवी फुटन?"

देवरावने तो तुकडा इंजिनाच्या झाकणावर, येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा मांडून ठेवला. वारलूने चाकाकडे पाहिलं. चाक तिथेच होतं, पण चार वाजेपर्यंतच.

तरी काम करणं भाग होतं. नवा प्लाय बसला. त्यावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरली. तिची कुसं उडून मानेत, कानात, नाकात शिरली आणि दोघं खाजवून खाजवून लाल झाले. मग बादलीत रेझिन ओतलं. त्यात ते घट्ट करणारं हार्डनर थेंबांनी टाकायचं असतं. उन्हाचा पारा सेहेचाळीसवर असला तर आणखी कमी. देवरावने ऊर्जानगरच्या अंदाजाने टाकलं आणि तो ब्रश शोधायला वळला. साळा कंजूष, त्याने टाकलंच नसेल, असं समजून वारलूने उरलेली बाटली उपडी केली. बोलणं पुन्हा बंद असल्यामुळे हे एकमेकांना कळायचा प्रश्नच नव्हता. बादलीतलं अर्धं रेझिन देवरावने चटईवर पसरलं.

तेवढ्यात वारलूने झाकणावरचा तुकडा उचलला आणि खिडकीतून फेकायला हात मागे घेतला.

झाडीपट्टीत जावई कितीही नालायक असो, त्याचा मान राखतात. देवराव आधी वाकून वारलूच्या पाया पडला. मग वर येता येता त्याने डोकं वारलूच्या हनुवटीवर हाणलं. दोन दात खाली पडले.

"माफ करा, जवाईबापू," देवराव म्हणाला, आणि त्याने हातोडीचा दांडा वारलूच्या गुडघ्यावर घातला.

"साळ्या, तुह्या मायचा..." वारलूने पुढचं बोलण्याऐवजी देवरावचा कान दातांत धरला. उरलेले दात कामाचे होते. कानाची पाळी फाटली, रक्त नव्या चटईवर सांडलं. देवरावने बुक्की घातली तेव्हा वारलूच्या नाकाचं हाड वाळकी काडी मोडावी तसं वाजलं. वारलूने त्याचा गळा आवळला. देवरावने अंगठा त्याच्या डोळ्यात खुपसला.

"सोडा, नाई तं डोळा काढतो तुमचा!"

"काढ! चाक मी आंधळाबी धरीन!"

एवढं बोलून वारलूने त्याला दोन्ही हातांनी कवळ घातली, उचललं आणि आदळलं. देवराव ओल्या चटईवर पाठीवर पडला, वारलू त्याच्यावर. बादली कलंडली. शेणाचा तुकडाही शेजारी पडला आणि उरलेलं रेझिन तिघांवरून वाहिलं.

मग धूर निघाला. दुप्पट हार्डनर आणि वैशाखाचं ऊन एकत्र आल्यावर रेझिन उकळत्या तेलासारखं तापलं. दोघं एका सुरात बोंबलले. वारलूने हात ओढले, पण ते देवरावच्या पाठीखाली होते आणि देवरावची पाठ आता होडीचा भाग होती. चटचट आवाज करत सगळं दगड झालं.

ती बोंब ऐकून बायनाबाई चारच्या आधीच आली. तिने दोघांवर घागरभर पाणी ओतलं आणि वल्ह्याने जमीन ठोकून पाहिली. जमीन पक्की होती. मग तिला घट्ट झालेल्या रेझिनखाली, काचेच्या पेटीत ठेवल्यासारखा तो तुकडा दिसला. शेजारी वारलूचे दोन दात.

"हे शेण कोणाचं?"

वारलूकडे खोटं तयार होतं. पण तुकडा त्याच्या डोळ्यांपासून चार बोटांवर चमकत होता, आणि एकेक शनिवार त्यात मोजता येत होता. तो रक्त थुंकला. "माहं."

"मंग चाक देवरावले."

देवरावचा एक हात तेवढा मोकळा होता. त्याने त्याची रक्ताळलेली मूठ केली आणि वर उचलली.

"ग्राइंडर आना, कापून काढा यायले," बायनाबाई म्हणाली. "कोणाले चालवता येते थो?"

"मलेच," देवराव जमिनीतून म्हणाला.

बायनाबाई फिटर शोधायला ऊर्जानगरला माणूस पाठवते म्हणून उतरली. तिकडून माणूस यायचा म्हणजे उद्या सकाळ. वारलूने मान मुरगाळून वर पाहिलं. चाक खालून कसं दिसतं हे एकोणीस वर्षांत त्याने कधी पाहिलं नव्हतं. फुटलेल्या नाकात काचेची कुसं वळवळत होती. देवरावची मूठ अजून वरच होती.

"देवरावभाऊ," तो म्हणाला. भाऊ तो पहिल्यांदाच म्हणाला. "चाक तुहंच. पण हात मोकळाच हाय तं माहं नाक खाजवून दे ना जरासं."