बोटभर जागा

मित्रांनो, मी निळ्या काचेचा एक जुना पेला आहे, पण माझ्यातून आजवर कोणी घोटभरही प्यायलेलं नाही. माझी मान अरुंद आहे आणि मानेवर वाटीसारखं तोंड. त्या वाटीत हायसिंथ या सुवासिक फुलझाडाचा कांदा बसतो आणि खाली पोटात पाणी असतं. माती लागतच नाही. मातीवाचून काय उगवणार, असं नाक मुरडणारेही माझ्या फुलांचा वास घेऊन गेले आहेत.

डाग्नीच्या आईने मला मार्स्टल गावच्या बाजारात विकत घेतलं. दर ऑक्टोबरात ती कांदा बसवायची, त्याला कागदाची टोपी घालायची आणि मला तळघरात ठेवायची. कोंबाने टोपी वर उचलली की माझी जागा खिडकीत. कोणाची टोपी आधी उचलली जाते यावरून आमच्या गल्लीतल्या बायका एकमेकींना टोमणे मारायच्या. आई गेली आणि डाग्नीने माझ्यात विणकामाच्या सुया ठेवल्या. मला ते फार लागलं.

मग तिच्या धाकट्या बहिणीची, आस्टाची, दृष्टी गेली आणि ती डाग्नीकडे राहायला आली. डाग्नी तिच्या पावाला लोणी लावी, कोटाची बटणं लावी, कॉफीतली साखरसुद्धा ढवळून देई. एके दिवशी कपाट चाचपताना आस्टाच्या हाताला माझी मान लागली. तिने सुया काढून टाकल्या. यंदाचा कांदा माझा, कोणी हात लावायचा नाही, असं तिने बजावलं. फेब्रुवारीत तिच्या वाढदिवसापर्यंत फुललं, तर पाहुण्यांना कॉफी तीच ओतणार होती.

"आणि नाही फुललं तर?" डाग्नीने विचारलं.

"तर तू बसवशील तिथे गप बसेन."

माझा नियम एकच आहे. पाणी आणि कांदा यांच्यात बोटभर जागा हवी. मुळं आपली आपण खाली उतरतात. आस्टा कांदा उचलून बोट आत घालून पाणी मापायची आणि ते बरोबर असायचं. पण ती निजलेली असताना डाग्नी रोज सकाळी तळघरात येऊन पाणी वाढवू लागली. अति तिथे माती म्हणतात, ते माझ्यासारख्या बिनमातीच्यालाही चुकलं नाही. कांद्याचा तळ पाण्यात गेला आणि कुजका वास सुटला.

तो आस्टाला लगेच आला. "ताई, पाणी कोणी घातलं?"

"थोडंसंच गं. सुकेल म्हणून राहवलं नाही."

"सुकत नव्हता तो. तू बुडवत होतीस त्याला." मग ती हळूच म्हणाली, "आणि मलाही."

 आस्टाने कुजलेली सालं सोलली, मला घासून धुतलं, पाणी खाली आणलं आणि टोपी पुन्हा घातली. निम्मी मुळं गेली होती. मी मात्र उरलेल्यांना घट्ट धरून राहिलो.

वाढदिवसाच्या सकाळी अर्धीच फुलं उघडली होती आणि दांडा जरा वाकडा होता. पण वास जिन्यापर्यंत गेला. पाहुण्या बायका आल्या, केक कापला. आस्टाने किटली उचलली आणि कपाच्या काठावरून बोट आत वाकवलं. डाग्नी अर्धी उठली, पुन्हा बसली आणि तिने हात मांडीवर ठेवले. कॉफी बोटाच्या टोकाला लागताच आस्टा थांबली.

मित्रांनो, ज्याच्यावर माया कराल त्याच्यापासून बोटभर जागा सोडा. त्या दिवशी एक थेंब बशीत सांडला होता. डाग्नीने तो पुसला नाही.