पेरोनेलच्या बागेतली शिडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी. बर्गंडी नावाच्या मुलखातल्या एका खेड्यात जेराँ सुताराने मला घडवले, बायकोला, पेरोनेलला, नासपती काढता याव्यात म्हणून. जेराँ गेला, पण पेरोनेल दर हंगामात माझ्यावर चढायची. "हिच्याइतकं भरवशाचं घरात कुणी नाही," असे ती म्हणे, आणि मी सुखावून जाई.

मग दोन राजांमधली लांबलेली लढाई थांबली. पगार बंद झालेले भाडोत्री शिपाई टोळ्या करून गावे लुटत फिरू लागले. एका दुपारी रस्त्यावर धूळ दिसली. सगळे गाव भांडीकुंडी घेऊन दगडी चर्चमध्ये धावले. घाईत मी झाडालाच राहिले.

शिपायांनी नासपती खाल्ल्या, गुरे सोडली आणि मला उचलून चर्चच्या भिंतीला लावले. एक दाढीवाला चढू लागला. मला थरथरावेसे वाटले, पण मी घट्ट उभी राहिले. मला दुसरे काही येतच नाही.

वरच्या खिडकीत पेरोनेल आली. "ती शिडी माझ्या नवऱ्यानं केलीय. उतर खाली."

"उतरतो की, मावशी. आधी तुमची भांडी-बिंडी बघतो."

"मावशी म्हणतोस आणि मलाच लुटतोस?" म्हणत तिने गवताच्या दाताळ्याने मला ढकलले. आम्ही दोघे खाली आलो. माझ्या दोन पायऱ्या मोडल्या, त्याचा पाय मोडला. साथीदारांनी त्याचे बूट काढून घेतले आणि गुरे हाकत ते निघून गेले.

शेजारचा तेव्हनाँ कुऱ्हाड घेऊन आला. "याला संपवतो, आणि ही शिडी जाळून टाकतो. शत्रूला वर चढवत होती."

"तिला विचारून लावली होती का? आणि याला आता उभंही राहता येत नाही. ठेव ती कुऱ्हाड," खाली आलेली पेरोनेल म्हणाली.

तिने माझ्या मोडक्या पायऱ्या शिपायाच्या पायाला दोन्हीकडून बांधल्या. हिवाळाभर तो तिच्या गोठ्यात राहिला. गुरे नव्हतीच, गोठा रिकामाच होता. बर्फ वितळल्यावर एका सकाळी तो न सांगता निघून गेला. घरी गेला की पुन्हा टोळीत, कुणालाच ठाऊक नाही.

मला नव्या पायऱ्या बसल्या, पण निवांतपणा गेला. आता माझ्यावर चढणारा आधी रस्ता बघतो, मग फळ. संध्याकाळी मला दोरीने चर्चमध्ये ओढून घेतात. कधी कुणी कंटाळा करते, आणि माझा जीव टांगणीला लागतो.

मित्रांनो, काम झाले की मला आत न्या. मला माणूस ओळखता येत नाही. जो पाय ठेवील, त्याला मी वर पोहोचवते.