जिना नको, गाडी हवी

धाकटीला कुणी गोड म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. डाउन सिंड्रोम असलेली माणसं फार प्रेमळ असतात हो, सतत हसत असतात, असं लोक तिच्या देखत एकमेकांना सांगायचे, जणू ती तिथे उभीच नव्हती. ती छत्तीस वर्षांची होती. बुटकी, रुंद, मान आखूड, आणि रागाच्या बाबतीत थेट बापावर गेलेली. हसू आलं तर हसायची, नाही तर नाही.

आई गेल्यापासून ती दादा-वहिनीकडे होती. दादाची लाँड्री होती. खाली दुकान, पहिल्या मजल्यावर घर, वर दोन भाडेकरू आणि सगळ्यात वर गच्ची. कपडे खाली धुवायचे, गच्चीत वाळवायचे आणि पुन्हा खाली आणून इस्त्री करायचे, असा धंद्याचा रिवाज होता. लिफ्ट नव्हती. एका मजल्याला अठरा पायऱ्या, असे चार जिने. ओल्या चादरींची टोपली वर न्यायची ती धाकटीने, आणि सुकलेली खाली आणायची तीही धाकटीनेच. हे काम तिला कुणी नेमून दिलं नव्हतं. एक दिवस वहिनीच्या पाठीत उसण भरली तेव्हा धाकटीने टोपली उचलली, आणि मग ती टोपली तिच्याच गळ्यात पडली. त्याला आता पाच वर्षं होत आली होती.

दुपारी चारला मात्र गाडी असायची. दोन चाकांची ढकलगाडी, तिच्यात इस्त्रीचे गठ्ठे. पार्लरचे टॉवेल, दवाखान्याच्या चादरी, कोपऱ्यावरच्या हॉटेलचे टेबलक्लॉथ. धाकटी ती गाडी ढकलत तीन रस्ते फिरायची, गठ्ठे द्यायची, मळके कपडे घ्यायची. वाटेत कुणी फुटपाथवर स्कूटर लावलेली असली की मालक बाहेर येईपर्यंत गाडीला लावलेली बेल वाजवायची. तिच्याशी हुज्जत घालायला कुणी धजत नसे. दिवसातला तेवढा एक तास तिचा स्वतःचा होता.

आठवड्यातून तीनदा ती व्यायामाच्या वर्गाला जायची. एका सभागृहात तिच्यासारखेच अकराजण जमायचे. वाचनालयात पुस्तकं लावणारा टोपीवाला होता, आईने आयुष्यात एकटीला रस्ता ओलांडू न दिलेली एक चाळिशीची बाई होती, दिवसभर टीव्हीसमोर बसणारे दोघे भाऊ होते. वर्ग घेणाऱ्या बाईंच्या गळ्यात शिट्टी असायची, म्हणून धाकटीच्या लेखी त्या शिट्टीबाई. आणि शिट्टीबाईंच्या लेखी धाकटी म्हणजे आळसाचा गोळा. कारण वर्ग सुरू होऊन दहा मिनिटं झाली की ती सरळ जमिनीवर बसायची. शिट्टी वाजायची, ती उठायची नाही. शिट्टी पुन्हा वाजायची. मग सगळ्यांसमोर शिट्टीबाई बोलायला लागायच्या. तुमच्यासारख्यांचं वजन पटकन वाढतं, हृदयाला त्रास होतो, बसून बसून हाडं ठिसूळ होतात, आणि एकेकाला फुकटचं खाऊन लोळायची सवय लागलेली असते. शेवटचं वाक्य म्हणताना त्या धाकटीकडे बघायच्या. धाकटीला ते सगळं कळायचं. गुडघे दुखतात हे तिने एकदा सांगूनही पाहिलं होतं, पण तिची जीभ जड होती, शब्द एकमेकांत अडकायचे. शिट्टीबाई म्हणाल्या होत्या, ‘नाटकं नकोत.’

मग शिट्टीबाईंनी पावलं मोजणारे पट्टे आणले. प्रत्येकाच्या मनगटावर एक बांधला आणि आठ दिवस काढायचा नाही म्हणून बजावलं. बुधवारी त्यांनी फळ्यावर रोजच्या पावलांचे आकडे लिहिले. टीव्हीवाल्या भावांचे दोन-दोन हजार. चाळिशीच्या बाईचे तीन. टोपीवाल्याचे सात हजार निघाले, तेव्हा त्याच्यासाठी टाळ्या झाल्या. धाकटीचा पट्टा हातात घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या. सोळा हजार. आठही दिवस तसेच.

“हा कुणाच्या हातात बांधला होतास?” त्यांनी विचारलं.

धाकटीने आपलं मनगट पुढे केलं.

“खोटं बोलू नकोस. मी काही काल जन्मलेली नाही. घरात कुणी लहान पोरं आहेत का? त्यांना दिलास खेळायला?”

धाकटीने पट्टा त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि जमिनीवर आपटला. “तू खोटी,” ती म्हणाली. पहिल्यांदा ते कुणाला नीट कळलं नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सगळ्यांना कळलं. टोपीवाला हसला आणि लगेच घाबरून गप्प बसला. शिट्टीबाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी तिला बाहेर बसवलं, आणि वर्ग सुटेपर्यंत ती भिंतीला टेकून बाहेरच बसून राहिली.

शुक्रवारी त्या तक्रार घेऊन दुकानात आल्या. काउंटरवर वहिनी होती. गिऱ्हाइकाशी बोलताना वहिनीच्या जिभेवर साखर असायची. पट्टा फुटला, आकडे खोटे होते, मुलगी उर्मट आहे, हे सगळं तिने मान हलवत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अहो, मनावर घेऊ नका. ती मुद्दाम नाही करत. तिला समजतंय कुठे? शेजारच्या पोरांनी घेतला असेल पट्टा.”

धाकटी मशीनमागे चादरी काढत होती. तिला शब्द न् शब्द ऐकू आला. त्याच सकाळी वहिनीने तिला जिन्यात हाक मारून सांगितलं होतं की जरा पाय उचल, पाचवी खेप अजून खालीच आहे. आणि आता तीच वहिनी शेजारच्या पोरांवर ढकलून मोकळी झाली. दादा पलीकडे इस्त्री करत होता. त्याने मान वर केली नाही. इस्त्री एकाच बाहीवरून परत परत फिरत राहिली.

धाकटीने टोपली भरली, बाहेर आणली आणि शिट्टीबाईंच्या हातात कोंबली. पाण्याचा ओघळ त्यांच्या पांढऱ्या बुटांवर पडला.

“चल,” ती म्हणाली.

वहिनी धावत आली, टोपली काढून घ्यायला लागली. पण शिट्टीबाईही हट्टी होत्या, आणि टोपलीचं वजन त्यांना हातात कळलं होतं. त्या जिन्याकडे निघाल्या. धाकटी त्यांच्या मागोमाग, एका हाताने कठडा धरून. पहिला जिना त्या झपझप चढल्या. दुसऱ्यावर एकदा टोपली कमरेवर घेतली. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी ती खाली ठेवली आणि भिंतीला टेकल्या. व्यायाम शिकवणारी बाई ती, पण छाती भात्यासारखी हलत होती. धाकटी बाजूला उभी राहून बघत होती. तिला फार बरं वाटलं. मग तिने टोपली उचलली आणि उरलेल्या अठरा पायऱ्या एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढली.

गच्चीत आठ दोऱ्या चादरींनी भरलेल्या होत्या.

“दिवसातून किती वेळा?” शिट्टीबाईंनी विचारलं.

धाकटीने दोन्ही हातांची बोटं दाखवली, मग आणखी दोन.

खाली आल्यावर शिट्टीबाईंनी दादाला जे सुनावलं ते रस्त्यावर उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनीही ऐकलं. अशा माणसांचे सांधे सैल असतात, मानेची हाडं नाजूक असतात, हृदय तपासल्याशिवाय ओझं द्यायचं नसतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? मी वर, समाजकल्याण खात्याला लिहून कळवणार आहे. दादाने इस्त्री उभी करून ठेवली. चारचौघांत कुणी बोललेलं त्याला सहन व्हायचं नाही.

“कळवा,” तो म्हणाला. “आजपासून राणीसारखी बसवतो तिला. हातसुद्धा लावू देणार नाही कशाला.”

त्याने शब्द पाळला, तोही पुरेपूर सूड उगवल्यासारखा. दुसऱ्या दिवसापासून काउंटरच्या मागे एक खुर्ची आली आणि धाकटीला तिच्यावर बसवलं गेलं. टोपली गेली, आणि टोपलीबरोबर गाडीही गेली. चार वाजले की दादा स्वतः गठ्ठे लावायचा आणि निघायचा. ती उठली की वहिनी म्हणायची, “बसा राणीसाहेब, नाहीतर तुमच्या मॅडम आम्हाला तुरुंगात टाकतील.” वहिनी आता दिवसाला बारा खेपा करत होती, आणि प्रत्येक खेपेला खुर्चीपाशी थांबून धापा टाकून दाखवत होती.

वर्गात तर आणखीच नवल. शिट्टीबाईंनी तिला सगळ्यांच्या पुढे उभं केलं. बघा, हिच्याकडून शिका, ही रोज किती चालते! टाळ्या झाल्या. धाकटीने हात बांधले.

“माफी माग,” ती म्हणाली.

शिट्टीबाई हसल्या. म्हणाल्या, अगं, मी तुझ्या भल्यासाठीच बोलत होते. धाकटी जाऊन मागच्या रांगेत खाली बसली. शिट्टीबाईंनी शिट्टी तोंडाशी नेली आणि मग खाली सोडली. माफी मात्र मागितली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

नवव्या दिवशी दादा गाडी भरत असताना फोन आला. तो आत गेला. धाकटी खुर्चीवरून उठली, दारातून बाहेर पडली आणि गाडी घेऊन निघाली. इतके दिवस बसून पाय जड झाले होते, पण चाकं सुरू झाली तसे पायही सुरू झाले. पहिल्या वळणावर दादाने तिला गाठलं. त्याने दांडा पकडला. तिनेही सोडला नाही. गाडी दोघांच्या मध्ये हिसके खात राहिली आणि वरचा टॉवेलांचा गठ्ठा रस्त्यावर पडला.

“घरी चल,” दादा दातओठ खात म्हणाला. “त्या बाईने बघितलं तर माझं दुकान बंद पडेल.”

एक म्हातारे गृहस्थ थांबले. बिचारीला कशाला ओढताय हो, असं दादाला म्हणाले.

“तुम्ही जा,” धाकटीने त्यांना सांगितलं. ते चपापून गेले. मग ती दादाकडे वळली. घाई केली की शब्द अडकतात हे तिला माहीत होतं, म्हणून ती सावकाश बोलली.

“जिना नको. गुडघे दुखतात. गाडी हवी. गाडी माझी.”

“मग आधी सांगायचं होतंस! त्या बाईसमोर तमाशा कशाला?”

“सांगितलं. जिन्यात. तू कपडे घेऊन होतास. तू म्हणालास, बघू.”

त्याला आठवत होतं. थंडीचे दिवस होते, ती दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसून गुडघे चोळत होती, आणि तो शर्टांची चळत हनुवटीखाली दाबून तिला ओलांडून गेला होता. बघू, असंच म्हणाला होता. एकदा नाही, दोनदा.

त्याचा हात सुटला. त्याने टॉवेल उचलले, झटकले आणि गाडीत परत ठेवले. पण घरीही गेला नाही. तिच्या मागे दहा पावलांवर, पोलिसाने चोरावर पाळत ठेवावी तसा तो तिन्ही रस्ते चालला. पार्लर, दवाखाना, हॉटेल. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर गाडी तिची राहिली. दादाने तिला दवाखान्यात नेऊन हृदय आणि मान तपासून आणली; डॉक्टरांनी चालायला हरकत नाही म्हटलं, ओझं मात्र उचलायचं नाही म्हटलं. अर्ध्या खेपा दादा करायला लागला, अर्ध्या वहिनीवर पडल्या. शिट्टीबाईंनी वर काही कळवलं की नाही हे कुणालाच समजलं नाही. वहिनीने धाकटीशी बोलणं टाकलं. ताट वाढायची ते आदळून, आणि हाक मारायची ती दादाच्या मार्फत.

महिन्याभराने एका संध्याकाळी धाकटी गाडी लावून घरी चालली होती. पहिल्या जिन्याच्या मध्यावर वहिनी पायरीवर बसली होती. शेजारी ओली टोपली, दोन्ही हात गुडघ्यावर. धाकटी थांबली.

“दुखतं?” तिने विचारलं.

महिन्यात पहिल्यांदाच वहिनी तिच्याशी बोलली. “दुखतं.”

“मला पण दुखायचं,” धाकटी म्हणाली, आणि कठडा धरून, टोपलीला वळसा घालून वर गेली. मागे बांगड्या वाजल्या आणि टोपली उचलली गेली.