हळदीत लिहिलेलं चिनी

मी भंडाऱ्याची अपेक्षा. त्या दिवशी निभावलं तर नोकरी पक्की, नाहीतर बॅग भरून परत गावी. रावसाहेबांनी तसं स्वच्छच सांगितलं होतं. मार्केट यार्डात त्यांचा हळदीचा घाऊक धंदा. पुड्या भरायचं नवं मशीन चीनहून आलेलं, आणि ते बसवायला साठीचे लिआंगकाका. मी दुभाषी. कोथरूडच्या क्लासात दोन वर्षं मँडरिन घोकलेलं, मला कसली भीती!

काकांनी तोंड उघडलं आणि बाप्पा! एक शब्द कळेल तर शपथ.

"काय म्हणतात?" रावसाहेबांनी विचारलं.

"पुण्याची हवा छान आहे म्हणतात," मी ठोकून दिलं.

काकांनी तेवढ्यात मशीनचा प्लग उपटून हातात धरला.

"हवा फारच आवडलेली दिसते," रावसाहेब म्हणाले.

मला दरदरून घाम फुटला. काका पुन्हा बोलले, हातवारे करत, लांबलचक. मी शरण गेले. "साहेब, मघाशी खोटं बोलले. मला यांचं काहीच कळत नाहीये."

"आपल्याला चिनी येतं ना? की हे जपानचे निघाले?"

आता माझं डोकं सटकलं. एकच चिनी असतं होय? मी एका दमात सुनावलं. पूर्वी चीनच्या बादशहाच्या दरबारात मुलखामुलखाचे अधिकारी यायचे, त्यांना एकमेकांचं ओ की ठो कळायचं नाही. मग त्यांच्यात एक सामाईक बोली रुळली, तीच मँडरिन. आधी तिच्यावर नानजिंगची छाप, नंतर बीजिंगची, आणि गेल्या शतकात सरकारने ती शाळाशाळांतून शिकवली. हेलावरून कळतंय, हे काका पडले पार दक्षिणेचे. त्यांची घरची बोली कँटोनीज!

"व्याख्यान उत्तम. मशीनचं काय?"

काका मात्र हसत होते. मी मँडरिनमध्ये "कळतंय का?" विचारलं, तर त्यांनी जोरात मान डोलावली. म्हणजे माझं मँडरिन त्यांना कळत होतं, बोलायलाच जमत नव्हतं. त्यांनी तळहातावर बोटाने काहीतरी गिरवलं. अगं बाई, खरंच की! बोली वेगळी असली तरी शाळेत लिहायला सगळे एकच शिकतात. तळहातावरचं मला दिसेना, म्हणून मी स्टीलच्या टेबलावर ओंजळभर हळद पसरली. काकांनी त्यात लिहिलं.

"अर्थिंग नाही म्हणतात!" मी किंचाळले.

मग काय! मी बोलायची, ते लिहायचे, मी हळद सपाट करायची. नाकात हळद, केसांत हळद, नुसती धमाल. दुपारी एकला मशीन धडधडलं आणि पहिली पुडी पडली. रावसाहेबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"सोमवारपासून या. वेळेवर या."

मी तिथेच फोन लावला. "आई वं, मले नोकरी लागली! पक्की! अवं, रडून काहून राहिली तू?" हमाल वळून बघायला लागले. पुण्यात दोन वर्षं मी एकेक शब्द चाळून बोलत होते, आणि आता एवढ्या मोठ्यांदा हे! बघू देत.

काकांनी लिहिलं, "आत्ताची तुझी भाषा वेगळी होती."

मराठीचं एक अक्षर न येणाऱ्या माणसाने ओळखलं! माझे डोळेच भरून आले. मी हळदीत लिहिलं, "घरची."

काकांनी ते वाचलं, टेबलावर थाप मारली आणि त्यांच्या घरच्या बोलीत सुटले. मीही माझ्या सुटले. एकमेकांचं काही कळत नव्हतं आणि दोघंही थांबत नव्हतो. रावसाहेब मध्ये उभे राहून काकांकडे बघ, माझ्याकडे बघ करत होते. मी काही त्यांना भाषांतर करून दिलं नाही.