आंबे कापायचं यंत्र

नीलकंठाने ते यंत्र विकत घेतलं तेव्हा आनंदी त्याच्या शेजारीच उभी होती. कॅन्टोन्मेंटमधल्या कबाड्याच्या दुकानात, मोडक्या खुर्च्या आणि साहेबी काळातल्या पंख्यांच्या मागे ते पडलेलं होतं. जड लोखंडाचं, लाल रंगाचं, कडांना पोपडे सुटलेले. एका अंगाला ताटलीएवढं गोल पातं, दुसऱ्या अंगाला हाताने फिरवायचं चाक. चाक फिरवलं की पातं गरगरायचं आणि वस्तू ठेवायचा पत्रा पुढेमागे सरकायचा. कबाड्याने तोंडातलं पान न थुंकताच माल खपवायला सुरुवात केली.

"असली विलायती माल है, बाबूजी. क्लब में साहब लोग इस पर हाम काटते थे. कागज जइसा पतला."

तोंडात पान, बाहेर रिक्षांच्या घंट्या, आणि आनंदीचा जन्म लंगडा आंब्याच्या या गावातला. तिने 'आम' ऐकलं.

"आंबा कापायला एवढं मोठं यंत्र?" तिने नवऱ्याला हळूच विचारलं.

"साहेब लोकांचं काय सांगावं," नीलकंठ म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. 'हाम' म्हणजे डुकराचं मांस, हे त्याला नीट कळलं होतं. पण बायकोने स्वतःहूनच चूक करून दिली, ती दुरुस्त करण्याइतका तो भोळा नव्हता.

घरी येऊन आनंदीने सासऱ्यांना सगळं रंगवून सांगितलं. ढुंढिराजशास्त्री पोट धरून हसले. "चोखून खाता येत नसेल गं त्यांना. हाताला रस लागतो ना," ते म्हणाले. पुढे चार लोकांत ते आंबे कापायच्या यंत्राची गोष्ट सांगत सुटले. मंगला गौरीच्या गल्लीत ज्याला मराठी येत होतं त्या प्रत्येकाने ती ऐकली.

शास्त्रीबुवा वैदिक होते. गंगेकाठी पंचगंगा घाटावर त्यांच्या शब्दाला मान होता. बायको गेल्यापासून ते एकट्या सुनेच्या हातचं खात. यजमानाने कितीही आग्रह केला तरी कोरडा शिधा घेऊन घरी येत आणि आनंदीपुढे ठेवत. आनंदी मामाच्या घरी वाढलेली, तिथे तिचं कधी कुणी कौतुक केलं नव्हतं. लग्न होऊन आली त्या पहिल्या दिवाळीत सासरे पानावरून उठताना म्हणाले होते, "पोरी, तुझ्या हाताला गोडी आहे." त्यानंतर तिने या माणसासाठी काय केलं नसतं ते विचारा. नवऱ्यापेक्षा तिचा जीव सासऱ्यांवरच जास्त होता म्हटलं तरी चालेल, आणि नवऱ्याचे गुण बघता त्यात नवल काही नव्हतं.

नीलकंठाने वेद अर्ध्यावर सोडला होता. गाइड झाला, साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं नेऊन सोडली, एकही धंदा टिकला नाही. त्या वर्षांत घाटांवर गोऱ्या पोरापोरींची झुंबड असायची. त्यांच्या लॉजवर तो काकडी-टोमॅटोची सँडविचं नेऊन विकायला लागला आणि आश्चर्य म्हणजे ती खपली. गच्चीवरची खोली त्याने या कामाला घेतली. यंत्रही तिथेच मांडलं.

यंत्र येऊन काही दिवस झाले असतील. आनंदी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली आणि तिला वास आला. खोलीत नीलकंठ चाक फिरवत होता. पत्र्यावर तपकिरी रंगाचा एक गोळा होता आणि पात्याखालून त्याच्या पातळ चकत्या ताटात पडत होत्या.

"हे काय?"

"मटण," नीलकंठ म्हणाला. लपवण्यात अर्थ उरला नव्हता. "कॅन्टोन्मेंटमधला एक खानसामा भाजून देतो. एक अमेरिकन म्हणाला, आमच्याकडे सँडविच म्हणजे पावात मांसाच्या पातळ चकत्यांची थप्पी. घरच्यासारखं खायला मिळालं तर रोज घेऊ. बस्स, तेव्हापासून दम घ्यायला फुरसत नाही बघ."

"या घरात? मामंजींच्या डोक्यावर?"

"मी खातो कुठे? कापतो फक्त."

"तुम्ही आंबा म्हणालात."

"आंबा तू म्हणालीस. मी नाही म्हणालो नाही, एवढंच."

आनंदी संतापून जिन्याकडे वळली. पण खाली जाऊन सांगणार काय, आणि कुणाला? सांगितलं तर म्हातारा त्याच दिवशी घर सोडून मठात जाऊन राहिला असता. तिने गप्प बसायचं ठरवलं. शास्त्रीबुवांना तपकिरीचं व्यसन, त्यामुळे त्यांच्या नाकाला वास असा उरलाच नव्हता. या एका गोष्टीवर तिने सगळी भिस्त ठेवली.

आणि मग एकादशी आली. शास्त्रीबुवांचे दात बरेचसे पडलेले. बटाट्याचे काप त्यांना आवडायचे, पण चावता यायचे नाहीत. ते म्हणाले, "आनंदी, ते आंब्याचं यंत्र आहे ना, त्यावर बटाटा होतो का बघ की. कागदासारखा पातळ."

नाही म्हणायला काही कारण तर हवं. तिला एकही सापडलं नाही. "बघते, मामंजी," म्हणून ती स्वयंपाकघरात गेली, दार लावलं आणि विळीवर बसली. पहिल्या चकत्या जाड आल्या, त्या तिने बाजूला सारल्या. मग श्वास रोखून, विळीच्या पात्याला बटाटा नुसता टेकवून ती एकेक चकती सोडवत गेली. चार बटाटे वाया गेल्यावर पलीकडचा उजेड दिसेल अशी चकती निघायला लागली. मग पदर खोचून ती गच्चीवर गेली आणि खाली ऐकू जावं म्हणून रिकाम्या यंत्राचं चाक फिरवून आली. खाली येऊन हात धुतले, पुन्हा आंघोळ केली आणि काप तुपात तळले.

शास्त्रीबुवांनी एक काप तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "वा. जिभेवरच विरतो. यंत्र बाकी अस्सल आहे."

तेव्हापासून प्रत्येक एकादशीला हेच. विळीवरचा तिचा हात इतका बसला की यंत्राने काय कापलं असतं. सासरे यंत्राची तारीफ करायचे आणि ती मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायची. खोटं बोलत होती, पण त्यांच्या पानात वावगं काही पडू देत नव्हती. देवासमोर उभं राहायला तिला तेवढं पुरत होतं.

आषाढी एकादशीला मंगला गौरीच्या देवळात बायकांची रांग लांबली. आनंदी परत आली तेव्हा पडवीत शास्त्रीबुवा नव्हते. स्वयंपाकघरात बटाट्यांची टोपली हललेली होती. ती धावत जिना चढली.

गच्चीवरच्या खोलीत ते जमिनीवर बसले होते. उजव्या हाताला उपरणं गुंडाळलेलं, आणि उपरणं सगळं लाल. यंत्रापाशी अर्धा बटाटा पडला होता.

"तुला दर वेळी वर यावं लागतं," ते म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता, तरी हसायचा प्रयत्न करत होते. "म्हटलं, आज आपणच कापून ठेवू. चाक हलकं आहे गं. मला अंदाज आला नाही."

आनंदीने त्यांना कसं खाली आणलं, गल्ल्यांतून डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत कसं नेलं, ते तिला पुढे कधी धड आठवलं नाही. ज्या यंत्रावर तिने कधी बटाटा ठेवला नाही, त्याच्याकडे बटाटा घेऊन त्यांना तिच्याच खोट्याने पाठवलं होतं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

डॉक्टर वयस्कर होते, शास्त्रीबुवांना ओळखणारे. त्यांनी उपरणं सोडलं. अनामिकेचं टोक उघडं पडलं होतं, मांसाचा एक पदर लोंबत होता. दर्भाचं पवित्रक घालतात ते बोट. शास्त्रीबुवांनी मान फिरवली.

"कइसे कटा, पंडितजी?"

"मशीन से. घर में आम काटने की मशीन है," शास्त्रीबुवा म्हणाले. "आलू भी कटता है."

"तब घबराने की बात नहीं," डॉक्टर म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला लागले. "फल-तरकारी का घाव है, टाँका मार देते हैं. गोश्त-मछली वाली धार होती तो बंद नहीं करते. भीतर-भीतर सड़ जाता, फिर उँगली से हाथ धोइए."

आनंदी टेबलाची कड धरून उभी होती. डॉक्टरांनी सुई उजेडात धरली. त्यांना बाहेर बोलावून सांगावं तर बाहेर बाकावर सगळी गल्ली बसलेली, आणि डॉक्टर हातातलं काम टाकून थोडेच येणार होते. गप्प राहिलं तर कुणालाच काही कळणार नव्हतं. कदाचित काही झालंही नसतं. पण सकाळीच, देवळात जाताना, तिने वरून चाकाची घरघर ऐकली होती. डॉक्टरांनी तो लोंबता पदर चिमट्यात धरला.

"टाँका मत लगाइए, डॉक्टर साहब," ती म्हणाली. "उस पर मांस कटता है. आज सवेरे भी कटा है."

चिमटा थांबला. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग शास्त्रीबुवांकडे, आणि सुई ताटलीत ठेवली. पुढे बराच वेळ ते जखम धूत राहिले. इंजेक्शन दिलं, नुसती पट्टी बांधली, रोज येऊन दाखवायला सांगितलं. शास्त्रीबुवांनी आनंदीकडे एकदाही पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर ते पुढे आणि ती मागे. ओळखीच्या कुणी हात जोडले तर ते नेहमीसारखी मान लववत होते. घरात शिरल्यावर ते पडवीत खांबाला टेकले.

"माझे काप?" त्यांनी विचारलं.

"नाही, मामंजी. देवाशपथ नाही. तुमचा एकही काप मी त्या यंत्रावर कापला नाही. विळीवर कापत होते, दर वेळी."

"मी चाकाचा आवाज ऐकलाय."

"रिकामं फिरवत होते. तुम्हाला खरं वाटावं म्हणून."

आनंदी स्वयंपाकघरातून विळी घेऊन आली, त्यांच्यासमोर पाट मांडून बसली आणि बटाटा कापायला घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात चुकला नाही. चकत्यांची चळत झाली तेव्हा तिने त्यातली एक उचलून त्यांच्यासमोर धरली. पलीकडचा उजेड तिच्यातून दिसत होता.

त्यांनी डाव्या हाताने चकती घेतली, उजेडात फिरवून पाहिली. "अगदी तशीच आहे," ते म्हणाले. "काही फरक नाही."

"मग?"

"मग मी कशावरून ओळखू, आनंदी? दोन्ही सारख्याच दिसतात."

जितकी सारखी करता येईल तितकी सारखी तिनेच केली होती.

"मला तुझ्यावर विश्वास ठेवायचाय," ते म्हणाले. "तू आज बोललीस म्हणून हे बोट राहील कदाचित, तेही मला कळतं. पण इतके महिने तू माझ्यासमोर उभी राहून 'यंत्रावरचेच आहेत' म्हणालीस. तेव्हाही तुझं तोंड असंच होतं. आत्ता आहे तसंच."

नीलकंठ संध्याकाळी रिकामे डबे वाजवत आला. सगळं ऐकून आधी बायकोवरच खेकसला. "भाजी म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"बोट," आनंदी म्हणाली.

मग तोही खाली बसला. वडिलांपुढे जायची त्याची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने हमाल आणून यंत्र घराबाहेर काढलं. पुढे ते कुठे गेलं याची चौकशी कुणी केली नाही. शास्त्रीबुवांनी प्रायश्चित्त घेतलं, पंचगव्य प्राशन केलं, मुलाला एका शब्दानेही बोलले नाहीत. जखम स्वच्छ भरत गेली. डॉक्टर म्हणाले, टोक जरा बोथट राहील, पण बोट वाचलं.

हे सगळं पुढचं. द्वादशीला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, उपास सोडायची वेळ झाली तेव्हा आनंदीने पान मांडलं. शास्त्रीबुवा आले, पानाकडे बघत उभे राहिले, आणि स्वयंपाकघरात शिरून डाव्या हाताने तांदळाचा डबा शोधायला लागले.

"मी वाढते ना, मामंजी. सगळं सोवळ्यात केलंय."

"माहीत आहे. तुझ्या हातचंच खायची इच्छा आहे गं, पण घास उचलवत नाही. काही दिवस जाऊ देत."

"किती?"

"मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का?"

ती बाजूला झाली. या माणसाने उभ्या जन्मात कधी चूल पेटवली नव्हती. धुराने त्यांचे डोळे चुरचुरत होते. पट्टीचा हात उंच धरून ते भात ढवळत होते आणि भात खाली लागल्याचा वास येत होता. त्यांना तोही येत नव्हता. पातेलं खाली उतरवा म्हणून सांगायला ती पुढे झाली आणि उंबऱ्याशीच थांबली. तिने आत यावं की नाही, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

मागे न वळता त्यांनी विचारलं, "आनंदी, आपल्याकडे मीठ कुठे असतं?"

"दुसऱ्या फळीवर, मामंजी," ती म्हणाली. "डाव्या हाताला."