रात्रीचं पान

चंद्रप्रभाबाईंनी अंगठा पदराला पुसला आणि चौथ्यांदा यंत्रावर टेकवला. यंत्राने पुन्हा लाल दिवा दाखवला.

"माताजी, आपकी तो रेखाएँ ही घिस गई हैं," बँकेच्या खिडकीपलीकडून अस्थाना बाबू म्हणाले. "बिटिया से काम करवाया कीजिए."

"काम से नहीं भैया, चंदन से," बाई ओशाळून म्हणाल्या. रोज पहाटे सहाणेवर गंध उगाळताना खोडाबरोबर बोटंही झिजतात, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

अस्थाना बाबूंनी मग मोबाइल त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला. "पलकें झपकाइए."

बाईंनी देवासमोर मिटावेत तसे डोळे मिटले आणि तशाच बसून राहिल्या.

"आई, झपकायचेत. मिटून नाही बसायचं," मंजिरी हसू दाबत म्हणाली.

"हो गया. सरकार ने मान लिया कि आप हैं. अब अगले नवंबर में आइए."

रेल्वेतल्या नोकरीपायी हे मराठी घर उत्तरेत आणणारे बाईंचे यजमान बाळकृष्णराव जाऊन चार वर्षं झाली होती. रेल्वेतून मिळणारं त्यांचं निवृत्तिवेतन आता बाईंच्या नावाने येई, आणि त्यासाठी दर नोव्हेंबरात हा हयातीचा दाखला द्यावा लागे. एरवी दाखला झाला की त्या लगेच उठत. यंदा उठल्या नाहीत. उन्हाळ्यात आठ दिवस दवाखान्यात काढल्यापासून एक प्रश्न त्यांनी मनात धरून ठेवला होता.

"भैया, मेरे बाद ये इसको मिलेगा?"

अस्थाना बाबूंनी चष्म्यावरून मंजिरीकडे पाहिलं. "शादीशुदा हैं?"

"नौ साल से हमारे पास रहती है."

"रहने से नहीं होता, माताजी. बेटी अविवाहित हो, विधवा हो, या तलाक़शुदा." त्यांनी आवाज जरा उतरवला. "और तलाक़ का केस आपके जीते-जी कोर्ट में दाख़िल हो जाना चाहिए. फ़ैसला भले बाद में आए. पर बाद में दाख़िल किया, तो फिर कुछ नहीं हो सकता. क़ानून यही है."

तलाक़ हा शब्द बाईंसमोर इतक्या उघडपणे कुणी उच्चारला नव्हता. त्यांनी मान खाली घातली. मंजिरीने शांतपणे आधारकार्ड पिशवीत ठेवलं आणि पिशवीची चेन ओढली.

मानकनगरच्या घरी परतताना दोघी बॅटरी-रिक्षात समोरासमोर बसल्या होत्या. वाटेत मंजिरीने उकडलेले शिंगाडे घेतले, एक सोलून आईपुढे धरला.

"घरी गेल्यावर. दुपारच्या जेवणाबरोबर," बाई म्हणाल्या.

मंजिरीने तो पुन्हा पुडीत ठेवला.

बाई दिवसातून एकदाच जेवत, दुपारी. मंजिरी सासरहून परत आली, त्या आठवड्यात त्यांनी देवघरातल्या अंबाबाईपुढे हे व्रत धरलं होतं. पोरीचा संसार पुन्हा उभा राहीपर्यंत रात्रीचं पान मांडायचं नाही. मंजिरीचा नवरा अभिजित इंदूरला दुसऱ्या बाईबरोबर राहू लागला, तिच्यापासून त्याला मुलगा झाला, तो मुलगा आता शाळेत जाऊ लागला, हे सगळं त्यांच्या कानावर होतं. व्रत मात्र चालूच राहिलं. डॉक्टरांनी जेवणानंतर घ्यायला सांगितलेली रात्रीची गोळी त्या वाटीभर दुधावर घेत.

घरी आल्यावर बाईंनी चपला काढल्या, पण आत गेल्या नाहीत.

"तुला नवल वाटलेलं दिसलं नाही."

"कशाचं?"

"ते बाबू म्हणाले त्याचं."

मंजिरी शिंगाडे ताटलीत काढत राहिली. "माहीत होतं मला. बाबा गेले त्याच वर्षी मी वकिलांकडे जाऊन आले होते. घटस्फोटाचा अर्ज टाइप करून ठेवलाय त्यांनी."

"चार वर्षं?"

"हाँ."

"अगं, मग सही का नाही केलीस? मी गेल्यावर त्या चार शिकवण्यांवर घराचं भाडं तरी निघणार आहे का?"

मंजिरीने एक शिंगाडा सोलला, दुसरा सोलला.

"तू रात्रीची जेवत नाहीस ना, आई," ती म्हणाली. "तू उपाशी राहून जे मागतेस, त्याच्याच विरुद्ध मी कोर्टात कशी जाऊ?"

बाईंनी देवघराकडे पाहिलं.

"आणि वकिलांना लग्नपत्रिका हवी होती," मंजिरी हलकेच म्हणाली. "माझ्याकडच्या मी केव्हाच फाडल्या. एकच उरलीय. ती कुठे आहे, तुला ठाऊक आहे."

बाई आत गेल्या. दुपारी जेवल्या, दोन शिंगाडे खाल्ले, नेहमीसारख्या पोथी घेऊन बसल्या. पान मात्र उलटलं गेलं नाही.

दिवेलागणीला शिकवणीची मुलं गेली. मंजिरी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. देवघरात घंटा वाजली, पण आरती ऐकू आली नाही. निरांजन विझलं असेल म्हणून ती हात पुसत दाराशी आली. बाई देवघरासमोर बसल्या होत्या. मंजिरीच्या लग्नाची पहिली पत्रिका देवाला ठेवलेली, ती त्यांनी अंबाबाईच्या पाटाखालून काढली होती. रोज वाहिलेल्या अक्षतांमधल्या काही कागदाला चिकटल्या होत्या. झिजलेल्या अंगठ्याने त्या एकेक अक्षता सोडवून चांदीच्या वाटीत टाकत होत्या. पत्रिकेवर छापलेल्या गणपतीवरचं कुंकू पदराने टिपलं, तरी गुलाबी डाग राहिला.

"हा डाग चालेल का गं वकिलांना?"

मंजिरीने होकारार्थी मान हलवली.

बाईंनी पत्रिका तिच्या हातात दिली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. कणकेकडे पाहून त्यांनी डब्यातून आणखी एक मूठ पीठ परातीत घातलं.

"भाजी कसली केलीस?"

"आलू-मटर."

"तिखट कमी घाल," बाई म्हणाल्या. "आणि माझंही पान घे."